निकोला टेस्ला आणि आमच्या विहिरीवरची मोटार

आमचे गाव चिखली तालुक्यात आहे. शेती थोडी, पण विहीर आहे आणि विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटार आहे. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचे झाले म्हणजे थ्री फेज लाइनची वाट पाहावी लागते आणि ती पुष्कळदा रात्रीच येते. मग बाबा घोंगडी घेऊन मळ्यात जातात. सुटीत घरी असलो म्हणजे मीही त्यांच्यासोबत असतो. बांधावर शेकोटी करावी, दूरच्या दिव्यांकडे डोळे लावून बसावे, लाइन आली की धावत जाऊन स्टार्टरचे बटण दाबावे आणि मोटारीने पाणी ओढले की निःश्वास सोडावा, असा तो क्रम.

अशाच एका रात्री बाबांनी मला एक प्रश्न विचारला. गणपतीच्या दिवसांत मी गावात तारेवाचून ट्यूब पेटवून दाखविली होती. मग त्याच युक्तीने ही मोटार का चालू नये, असे त्यांना वाटत होते. प्रश्न साधा होता. पण मला त्याचे उत्तर देता आले नाही. काहीतरी मोघम बोलून मी वेळ मारून नेली. त्या मोघम बोलण्याची किंमत पुढे आमच्या घराला मोजावी लागली, म्हणून हा लेख लिहावासा वाटला.

कला शाखेच्या वार्षिकांकात विजेचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु मला सांगायची आहे ती एका माणसाची जीवनकथा, आणि त्याच्या मृत्यूनंतर लोकांनी त्याच्या नावाचे काय केले याची हकीकत. तो माणूस म्हणजे निकोला टेस्ला.

प्रथम माझ्या उद्योगाविषयी थोडेसे. यंत्रे उघडून पाहण्याचा नाद मला लहानपणापासून आहे. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून मी इनॅमल चढविलेली बारीक तांब्याची तार आणली, प्लॅस्टिकच्या पाइपाच्या हातभर तुकड्यावर तिचे सुमारे आठशे वेढे घेतले, खाली जाड तारेचे चार-पाच वेढे दिले, एक ट्रान्झिस्टर जोडला आणि मोटारसायकलची बॅटरी लावली. जवळ नेलेली ट्यूब हातातल्या हातात उजळली. या उपकरणाला टेस्ला कॉइल म्हणतात. गणपतीपुढे मी तो प्रयोग केला तेव्हा लहान मुलांनी टाळ्या पिटल्या, म्हाताऱ्यांनी तोंडात बोटे घातली. त्या भरात मी एक छोटेसे भाषणही ठोकले. टेस्लाने साऱ्या जगाला फुकट वीज देण्याचा शोध लावला होता, पण धनिकांनी तो दाबून टाकला, असे मी छातीठोकपणे सांगितले. कोठेतरी पाहिलेले, ऐकलेले मी खरे धरून चाललो होतो.

पुढे जानेवारीत आठवडी बाजारात एक मनुष्य आला. त्याच्याजवळ लोखंडी पेटी होती आणि पेटीवर टेस्लाचे चित्र होते. हवेतली वीज ओढून घेऊन ही पेटी शेतीपंप चालविते, बिल नाही, डिझेल नाही, असे तो सांगे. किंमत ४०,००० रुपये, त्यांपैकी १०,००० आगाऊ. माझ्या काकांनी सोयाबीनच्या पैशांतून १०,००० रुपये देऊन टाकले. पेटी आली नाही आणि तो मनुष्यही पुन्हा दिसला नाही. काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बाबांजवळ मात्र ते म्हणाले की, आपल्याच घरच्या पोराने डोळ्यांदेखत दाखविले होते, म्हणून विश्वास ठेवला. ते ऐकल्यावर मला त्या रात्री झोप आली नाही. ज्याच्या नावावर मी बोललो आणि ज्याच्या नावावर काका फसले, तो टेस्ला खरोखर कोण होता हे निदान आता तरी नीट जाणून घ्यावे, असे मी ठरविले.

निकोला टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान या खेड्यात झाला. हे खेडे तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होते, आज ते क्रोएशियात आहे. कुटुंब सर्ब वंशाचे. वडील मिलुतिन हे धर्मोपदेशक होते. आई जुका शाळेत गेलेली नव्हती. पण घरकामाची लहानसहान अवजारे ती स्वतः बनवी आणि लांबच लांब वीरकाव्ये तिला तोंडपाठ असत. आपल्या ओव्या म्हणणाऱ्या, जात्याचा खुंटा स्वतः ठोकून बसविणाऱ्या आज्यांची आठवण व्हावी अशी ती बाई. आपली कल्पकता आईकडून आली असे टेस्ला आयुष्यभर मानीत असे. त्याचा थोरला भाऊ लहानपणीच घोड्याच्या अपघाताने गेला. उरलेल्या मुलाने आपल्यासारखेच धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. परंतु १८७३ मध्ये निकोलाला पटकी झाली आणि तो कित्येक महिने अंथरुणाला खिळून होता. मुलगा हातचा जातो असे वाटले तेव्हा वडिलांनी त्याला अभियांत्रिकी शिकविण्याचे वचन दिले. मुलगा बरा झाला आणि वचन पाळले गेले.

१८७५ मध्ये तो ग्रात्स येथील तंत्रशाळेत दाखल झाला. तेथे प्राध्यापकांनी एकदा वर्गात विजेचे एक यंत्र चालवून दाखविले. त्या काळच्या मोटारींत फिरत्या भागाला वीज पोचविण्यासाठी ब्रश घासत ठेवावे लागत आणि तेथे सारख्या ठिणग्या उडत. हे ब्रश काढूनच टाकता येतील, असे टेस्ला म्हणाला. प्राध्यापकांनी साऱ्या वर्गासमोर त्याची समजूत घातली की ही कल्पना म्हणजे इंधनावाचून अखंड चालणाऱ्या यंत्रासारखी अशक्य गोष्ट आहे. हा प्रसंग वाचून मी क्षणभर थांबलो. ज्याच्या नावावर आज फुकट विजेच्या पेट्या विकल्या जातात, त्याच्यावर विद्यार्थिदशेतच असा आक्षेप घेतला गेला होता! परंतु तेथे प्राध्यापक चुकले होते. टेस्ला ऊर्जा निर्माण करू म्हणत नव्हता. घासणारे ब्रश टाळू म्हणत होता. या दोन गोष्टींतला फरक ध्यानात ठेवला म्हणजे पुढची सारी कथा उलगडते.

त्याचे शिक्षण मात्र पुरे झाले नाही. तिसऱ्या वर्षी तो जुगाराच्या नादी लागला आणि पदवी न घेताच त्याने शाळा सोडली. १८७९ मध्ये वडील वारले. थोडे दिवस प्राग येथे काढून तो बुडापेस्टला टेलिफोनच्या कामावर लागला. तेथेच १८८२ मध्ये, एका मित्राबरोबर बागेत फिरत असता, बरीच वर्षे मनात घोळणारे कोडे त्याला अकस्मात सुटले. काठी घेऊन त्याने मातीत आकृती काढली. वेगवेगळ्या वेळी चढणारे-उतरणारे विजेचे प्रवाह भोवतालच्या वेटोळ्यांतून सोडले तर मध्ये एक फिरते चुंबकक्षेत्र तयार होते, आणि त्याच्यामागोमाग लोखंडी रोटर कोणताही ब्रश न लावता फिरू लागतो. पोळ्याला मुले चक्राकार धावू लागली म्हणजे मधले पोरही त्यांच्यामागे गरगर फिरू लागते, तसेच काहीसे. हीच इंडक्शन मोटार. इटलीतील गॅलिलिओ फेरारिस यानेही स्वतंत्रपणे हाच विचार केला होता, हे सांगणे न्यायाचे होईल.

पॅरिसला एडिसनच्या कंपनीत नोकरी करून जून १८८४ मध्ये टेस्ला न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. खिशात अवघे ४ सेंट होते, असे तो सांगे. त्याने काही महिने एडिसनच्या कारखान्यात काम केले. पण दोघांचे जमले नाही. एडिसनचा सारा डोलारा एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर उभा होता आणि ती वीज मैल-दीड मैलापलीकडे नेणे परवडत नसे. टेस्लाचा भर उलटसुलट वाहणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहावर होता. नोकरी सोडून त्याने स्वतःची कंपनी काढली, तर भागीदारांनी त्यालाच बाहेर काढले. मग १८८६-८७ च्या हिवाळ्यात या प्रतिभावंताला दिवसाला २ डॉलर मजुरीवर खड्डे खणावे लागले.

यानंतर दैव पालटले. दोन सद्गृहस्थांनी भांडवल दिले, १ मे १८८८ रोजी त्याला मोटारीची पेटंटे मिळाली आणि त्याच महिन्यात विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने व्याख्यान दिले. जॉर्ज वेस्टिंगहाउस या उद्योगपतीने ती पेटंटे वापरण्याचा हक्क घेतला. १८९३ चे शिकागो येथील जागतिक प्रदर्शन वेस्टिंगहाउसच्या प्रत्यावर्ती विजेने उजळले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे आपण सर्व जाणतोच. नायगारा धबधब्यावरील वीज नोव्हेंबर १८९६ मध्ये सुमारे ४० किलोमीटरवरील बफेलो शहराला मिळू लागली. आपल्या देशात १९०२ मध्ये शिवनसमुद्र येथील पाण्यावरची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली, आणि १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीज येऊ लागली. हे सारे प्रत्यावर्ती प्रवाहाचेच काम.

प्रत्यावर्ती प्रवाहाचा एवढा काय गुण, हे आमच्या डीपीकडे पाहिले की कळते. डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तेथे ११,००० व्होल्टची लाइन येते आणि ४१५ व्होल्टची होऊन मोटारीला मिळते. तेवढीच शक्ती जास्त व्होल्टने पाठविली तर तारेतून प्रवाह कमी जातो. प्रवाह निम्मा झाला तर तारेत वाया जाणारी उष्णता चौथाईवर येते. म्हणून वीज लांब न्यायची तर व्होल्ट वाढवावयाचे आणि वापरावयाची तर कमी करावयाचे. परंतु ट्रान्सफॉर्मर व्होल्ट वाढवितो तेव्हा प्रवाह त्याच प्रमाणात कमी होतो. दोहोंचा गुणाकार, म्हणजे शक्ती, वाढत नाही. उलट थोडी गळतेच. मोठी नोट मोडून चिल्लर घ्यावी किंवा चिल्लर देऊन नोट घ्यावी, पैसे तेवढेच!

१८९१ मध्ये टेस्लाने याच्या पुढची पायरी गाठली. त्या वर्षी त्याने ते उपकरण बनविले, ज्याची धाकटी, गरीब नक्कल मी गणपतीपुढे ठेवली होती. त्याचे मर्म एका शब्दात सांगायचे तर अनुनाद. नागपंचमीला निंबाच्या झाडाला झोका बांधतात. झोका देणारा नेमक्या वेळी हलकासा धक्का देतो, प्रत्येक फेरीत पुन्हा तेवढाच देतो, आणि बघता बघता झोका फांदीपर्यंत जातो. टेस्ला कॉइलमध्ये पहिल्या वेटोळ्याचे धक्के दुसऱ्या वेटोळ्याच्या स्वतःच्या तालाशी जुळविलेले असतात. धक्के सेकंदाला लाखो वेळा बसतात, आणि व्होल्ट चढत चढत हजारांवर, लाखांवर जातात. पाहणाऱ्याला वाटते, एवढी वीज आली कोठून? पण झोक्याला जेवढे धक्के दिले तेवढेच बळ त्याच्यात साठलेले असते. धक्का देणारा दमतो हे झोक्याकडे पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही, इतकेच.

फुकट विजेच्या दाव्यांचा मोठा भाग येथेच जन्म घेतो. अनुनादी मंडलात ऊर्जा एका क्षणी कपॅसिटरमध्ये असते, दुसऱ्या क्षणी वेटोळ्यात. व्होल्ट शिखरावर असतात तेव्हा प्रवाह शून्याजवळ असतो. प्रवाह शिखरावर असतो तेव्हा व्होल्ट नसतात. हौशी मनुष्य दोन्ही शिखरे मोजतो, त्यांचा गुणाकार करतो आणि बॅटरीतून गेले त्याच्या शंभरपट बाहेर आले असे जाहीर करतो. उजव्या खिशातले ५ रुपये डाव्या खिशात, डाव्यातले पुन्हा उजव्यात असे वीस वेळा केले आणि दर वेळी मोजले, तर शंभर रुपये होतात खरे. पण बाजारात ते चालत नाहीत. शिवाय आपले साधे मीटर इतक्या वेगाच्या विजेला भलतेच आकडे दाखवितात.

टेस्लाच्या कीर्तीला या सुमारास भरती आली होती. त्याने १८९२ मध्ये लंडनमध्ये व्याख्याने देऊन तेथील शास्त्रज्ञांना थक्क केले. मार्च १८९५ मध्ये त्याची प्रयोगशाळा आगीत भस्मसात झाली, वर्षांचे कष्ट एका रात्रीत गेले. तरी तो पुन्हा उभा राहिला. १८९६ मध्ये न्यूयॉर्क येथे स्वामी विवेकानंदांशी त्याची भेट झाली. द्रव्य आणि शक्ती ही मुळात एकच आहेत हे गणिताने दाखविता येईल असे टेस्लाला वाटत होते, आणि स्वामीजींना त्याविषयी मोठी आशा होती. ते गणित टेस्लाकडून झाले नाही. द्रव्य आणि ऊर्जा यांचा संबंध १९०५ मध्ये आइन्स्टाइनने मांडला. टेस्लाने पुढे आपल्या लेखनात आकाश आणि प्राण हे आपले शब्द वापरले, याचा आपल्याला आनंद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या भेटीच्या आधाराने पेट्या विकणारे लोक स्वामीजींचा आणि टेस्लाचा, दोघांचाही अपमान करतात.

१८९९ मध्ये तो कोलोरॅडो स्प्रिंग्ज या डोंगराळ गावी गेला. तेथे त्याने सुमारे पंधरा मीटर व्यासाचे वेटोळे उभारले आणि लाखो व्होल्टची कृत्रिम वीज कडाडविली. कडाडणाऱ्या विजांखाली शांतपणे बसलेल्या टेस्लाचे छायाचित्र आपण पाहिले असेल. पेटीवरही तेच होते. ते छायाचित्र दोनदा प्रकाश देऊन काढलेले आहे. विजा कडाडत होत्या तेव्हा तो तेथे बसलेला नव्हता. त्याने स्वतःच्या टिपणांत हे लपविलेले नाही. आणखी एक गोष्ट पेटीवाले सांगत नाहीत. या साऱ्या विजा गावच्या वीजघराकडून घेतलेल्या विजेवर पडत होत्या. एका प्रयोगात त्याने इतका भार टाकला की वीजघराचे जनित्रच जळाले, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते. आकाशातून फुकट वीज मिळत असती तर गावचे जनित्र जळण्याचे कारणच काय?

यानंतर त्याच्या आयुष्यातले सर्वांत मोठे स्वप्न आले. १९०१ मध्ये जे. पी. मॉर्गन या धनाढ्य सावकाराने दिलेल्या १,५०,००० डॉलरवर त्याने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड येथे वॉर्डनक्लिफचा मनोरा उभारावयास घेतला. मनोऱ्याची उंची ५७ मीटर होती. महासागरापलीकडे बिनतारी संदेश पाठवावयाचे, आणि पुढे पृथ्वीलाच वाहक बनवून तारेवाचून शक्ती पाठवावयाची, असा त्याचा बेत होता. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने फार साध्या साधनांनी अटलांटिकपार संकेत पोचविला. टेस्लाने आणखी पैसे मागितले, मॉर्गनने नकार दिला. काम थांबले आणि १९१७ मध्ये तो मनोरा पाडून टाकण्यात आला.

मी गणपतीत सांगितलेली गोष्ट हीच. मॉर्गनला फुकट वीज नको होती म्हणून त्याने मनोरा पाडविला, असे मी म्हणालो होतो. मनोऱ्याच्या शेजारी जी इमारत होती तिची हकीकत मात्र मला माहीत नव्हती. तिच्यात बॉयलर होते, वाफेवर चालणारे जनित्र होते आणि मधोमध धुराडे होते. म्हणजे मनोऱ्यातून जी शक्ती जायची ती आधी कोळसा जाळून निर्माण करावयाची होती! टेस्लाला तार नको होती. इंधन नको होते असे नव्हे. आणि ही शक्ती दूरवर पोचली असती काय, याविषयीही आजचे विज्ञान नाहीच म्हणते. ती वाटेतच विखुरली असती. बिनतारी आणि बिनमोल हे दोन शब्द वेगळे आहेत. मी भाषणात दोन्ही एक करून टाकले, आणि काकांचे १०,००० रुपये नेमके त्या दोन शब्दांमधल्या फटीत पडले.

टेस्लाकडे काहीच दोष नाही असेही मी म्हणणार नाही. भोवतालच्या वातावरणातून शक्ती मिळविण्याविषयी त्याने १९०० मध्ये एक लांबलचक लेख लिहिला. नोव्हेंबर १९०१ मध्ये त्याला एका उंचावरील पत्र्यावर पडणाऱ्या किरणांपासून विजेचा भार साठविण्याचे पेटंट मिळाले. आजही दावे करणारे लोक त्याच पेटंटकडे बोट दाखवितात. पण त्यातही शक्ती कोठून तरी येतच होती, सूर्याकडून किंवा अन्य किरणांकडून. आणि ती अत्यल्प होती. उतारवयात तर विश्वकिरणांवर चालणारे यंत्र आपण केले आहे, दुरून विमाने पाडणारा झोत आपणाजवळ आहे, असे तो वाढदिवसाला वार्ताहर बोलावून सांगे. यांपैकी एकही गोष्ट त्याने कोणाला चालवून दाखविली नाही. ज्या माणसाने तारुण्यात चालती मोटार पुढे ठेवून जगाला गप्प केले, तोच म्हातारपणी नुसत्या शब्दांवर विश्वास ठेवा म्हणू लागला. हे वाचताना मला वाईट वाटले. पैसा गेला, प्रयोगशाळा गेली, आणि हातात फक्त नाव उरले म्हणजे थोर माणसाचेही असे होते की काय?

त्याने लग्न केले नाही. विजेच्या प्रत्येक अश्वशक्तीमागे मिळावयाचा मोबदला त्याने वेस्टिंगहाउस अडचणीत असता सोडून दिला होता. एका हॉटेलचे बिल थकले की दुसऱ्या हॉटेलात, असे त्याचे दिवस गेले. बागेतली कबुतरे हाच त्याचा परिवार होता. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कर हॉटेलातील ३३२७ क्रमांकाच्या खोलीत तो एकटाच वारला. त्याची कागदपत्रे सरकारने ताब्यात घेतली, आणि त्यामुळे काहीतरी गुपित दडविले गेले अशी वदंता उठली. वस्तुतः जॉन ट्रम्प नावाच्या एका प्राध्यापकाने ती तपासली होती आणि शेवटच्या वर्षांचे लिखाण बहुतांशी तर्काचे आहे असा निष्कर्ष काढला होता. ती कागदपत्रे पुढे बेलग्रेडला गेली. तेथील टेस्ला संग्रहालय १९५५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. १९६० मध्ये चुंबकक्षेत्राच्या तीव्रतेच्या एककाला टेस्ला हे नाव देऊन जगाने त्याचे ऋण मान्य केले.

हे सारे वाचून झाल्यावर एक काम उरले होते. आमच्या जुन्या शाळेतील विज्ञानाच्या सरांकडून मी मीटर मागून आणला आणि बाबांना व काकांना ओसरीवर बसवून माझी कॉइल पुन्हा चालविली. या वेळी भाषण केले नाही. बॅटरी १२ व्होल्टची, तिच्यातून जाणारा प्रवाह अर्धा अँपिअर. म्हणजे ६ वॅट. ट्यूब उजळली, पण तिच्याशेजारी एक वॅटचा साधा एलईडी दिवा ठेवला तर त्याचा उजेड अधिक पडे. बाकीची शक्ती कोठे गेली हे ट्रान्झिस्टरला बोट लावल्यावर काकांना चटका बसला तेव्हा कळले. मग मी मोटारीचा हिशेब मांडला. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, पाच म्हणजे ३,७३०. माझ्या कॉइलला मिळते त्याच्या सहाशेपट! आणि तेही आधी कोठून तरी आणावे लागणार. काका बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले. मग हे गणपतीतच मांडले असतेस तर बरे झाले असते, एवढेच म्हणाले. ते खरेच होते.

ज्या मित्रांना असे प्रयोग करावयाचे असतील त्यांनी अवश्य करावेत; पण घरच्या लाइनवर किंवा जुन्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर करू नयेत, त्यात जीव जातो. बॅटरीवर करावेत. आणि किती आत गेले, किती बाहेर आले, हे लिहून ठेवल्याशिवाय कोणाला दाखवू नयेत. आता आमच्या भागात सौर पंपही बसू लागले आहेत. तेथे सूर्य पैसे मागत नाही हे खरे. पण भर दुपारी एका चौरस मीटरवर जे सुमारे हजार वॅट पडतात त्यांतला पाचवा हिस्साच पत्र्याला घेता येतो, म्हणून पाच अश्वशक्तीला पाचेक किलोवॅटचे पत्रे मांडावे लागतात. तेथेही हिशेब सुटत नाही.

गेल्या सुटीत पुन्हा एकदा मळ्यावर गेलो होतो. रात्री बाराच्या सुमारास लाइन आली. बाबांनी बटण दाबले, मोटार फिरली, पाटात पाणी आले. त्या मोटारीत ब्रश नाही, ठिणगी नाही. तीन फेजांचे तीन प्रवाह एकामागून एक चढतात, आत चुंबकक्षेत्र फिरते आणि त्याच्यामागे रोटर फिरतो. बुडापेस्टच्या बागेत मातीत काढलेली ती आकृती आमच्या विहिरीवर पाणी ओढीत होती. या विजेसाठी पारसला किंवा अन्यत्र कोळसा जळतो आणि तिचा पैसाही कोणीतरी भरतो. मी बाबांना म्हणालो की टेस्ला आपल्याकडे आलेलाच आहे, तो पेटीत नसून या मोटारीत आहे. बाबांनी मान डोलावली आणि फावडे घेऊन ते पुढच्या वाफ्याचे पाणी मोडावयास गेले.